परदेशात कार्ड ‘नाही’ म्हणतं तेव्हा: पुन्हा घालण्याआधी हे वाचा

गेल्या हिवाळ्यात एका रात्री साडेनऊला मामांचा बँकॉकहून व्हॉट्सअॅप कॉल आला. मामा सांगलीचे. हिशेबाला चोख माणूस, पण परदेशाची ही पहिलीच वारी.

“अगं, मशीन पैसेच देईना. चारदा घातलं, चारी वेळा कार्ड थुंकलं बघ.”

“मामा, आता पाचव्यांदा घालू नका. चिठ्ठ्या निघाल्यात का? त्यावर कोपऱ्यात दोन आकडी नंबर असेल, तो वाचा.”

मामा चष्मा शोधत बसले, तोवर मामींनीच वाचलं. पहिल्या चिठ्ठीवर 57. दुसऱ्या आणि तिसऱ्यावर 55. चौथ्यावर 75.

एवढ्यावरून सगळी गोष्ट कळली. पहिल्या वेळी मामांनी पिन बरोबर दाबला होता, कार्डावर परदेशी व्यवहार बंद होते इतकंच. ते घरबसल्या सुरू करता आलं असतं. पण मामांना वाटलं पिनच चुकला. मग त्यांनी जुन्या कार्डाचा पिन दाबून पाहिला, मग मामींच्या कार्डाचा, मग पुन्हा जुन्याचा. तीन चुका झाल्या आणि बँकेने कार्ड दिवसापुरतं गोठवलं. अडचण एक होती, त्यांनी मेहनतीने दोन केल्या.

आमच्या घरातून कोणी ना कोणी सतत बाहेर जात असतं आणि ‘कार्ड चालत नाही’ हा फोन मला दर सुट्टीत येतो. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवते.

आधी अडलंय कुठे ते बघा

कार्डाचा निरोप तीन घरं ओलांडून जातो. पहिलं घर ते मशीन आणि ज्या बँकेचं ते मशीन आहे ती बँक. दुसरं घर व्हिसा, मास्टरकार्ड किंवा रुपे यांचं जाळं. तिसरं घर आपली इथली बँक. ‘नाही’ यांपैकी कोणीही म्हणू शकतं, आणि पडद्यावर मात्र तिघांचंही उत्तर बहुधा एकाच शब्दात उमटतं: ‘डिक्लाइन्ड’.

घर ओळखायची युक्ती साधी आहे. एका वेळी एकच गोष्ट बदला. तेच कार्ड, दुसऱ्या बँकेचं मशीन: चाललं, तर दोष पहिल्या मशीनचा. दुसरं कार्ड, तेच मशीन: चाललं, तर दोष पहिल्या कार्डाचा किंवा त्याच्या बँकेचा. गडबडीत आपण कार्डही बदलतो, मशीनही बदलतो, रक्कमही बदलतो, आणि मग चाललं तरी का चाललं ते कळत नाही.

चिठ्ठी निघाली तर काम आणखी सोपं. हे आकडे जगभर सारखेच आहेत, आयएसओ 8583 नावाच्या मानकातले. 51 म्हणजे शिल्लक कमी. 54 म्हणजे कार्डाची मुदत संपली. 55 म्हणजे पिन चुकला. 57 म्हणजे या कार्डाला या प्रकारच्या व्यवहाराची परवानगी नाही. 61 म्हणजे काढायच्या रकमेची मर्यादा ओलांडली. 75 म्हणजे पिन चुकवायच्या संधी संपल्या. 91 म्हणजे तुमच्या बँकेशी संपर्कच झाला नाही, चहा पिऊन या. सगळ्यात चीड आणणारा 05: बँक नाही म्हणतेय, पण का ते सांगत नाही. तिथे बँकेला फोन करण्यावाचून इलाज नाही. सगळीच मशिनं आकडा छापत नाहीत. अशा वेळी बँकेच्या अॅपमध्ये किंवा एसेमेसमध्ये नकाराचं कारण आलंय का बघा.

‘मागच्या वर्षी तर चाललं होतं!’

हे वाक्य ऐकलं की मी न विचारता सांगते: कार्ड मधे बदलून आलं असणार.

रिझर्व्ह बँकेने जानेवारी 2020 मध्ये नियम काढला आणि तो 1 ऑक्टोबर 2020 पासून लागू झाला. नवं किंवा बदली दिलेलं प्रत्येक कार्ड फक्त भारतातल्या एटीएमला आणि दुकानातल्या मशीनवर चालू असतं. ऑनलाइन, परदेशी आणि टॅप करून द्यायचे व्यवहार बंद असतात. ते आपण स्वतः सुरू करायचे. नियम चांगला आहे, पण कार्डाची मुदत संपून नवं पाकीट घरी येतं तेव्हा मागचे सगळे स्विच पुन्हा खाली पडलेले असतात हे कोणाच्या लक्षात राहत नाही. मामांचं कार्ड असंच नव्याने आलेलं होतं.

अॅपमध्ये ‘कार्ड कंट्रोल’ किंवा ‘मॅनेज युसेज’ अशा नावाखाली हे स्विच सापडतात. गंमत अशी की ‘इंटरनॅशनल’ हा एकच स्विच नसतो. त्याच्या पोटात एटीएम, दुकान, ऑनलाइन आणि टॅप असे वेगळे स्विच असतात आणि प्रत्येकासमोर रोजची मर्यादा असते. ती मर्यादा कधीकधी शून्यावर बसलेली असते. स्विच हिरवा, मर्यादा शून्य, आणि आपण बँकेला शिव्या देतोय. म्हणून ‘दुकानात चालतं, एटीएमला चालत नाही’ अशी तक्रार असेल तर आधी हे तपासा. उलट तक्रार असेल तरीही हेच.

दुसरं म्हणजे कार्डावरचा शिक्का बघा. पुष्कळशा सरकारी आणि सहकारी बँका खात्याबरोबर साधं रुपे कार्ड देतात. ते देशापुरतं असतं. आंतरराष्ट्रीय रुपे कार्ड वेगळं, ते परदेशात डिस्कव्हर, डायनर्स किंवा जेसीबीच्या जाळ्यावरून चालतं. म्हणजे दुकानाच्या काचेवर त्यांचा शिक्का दिसला तरच. युरोपात व्हिसा आणि मास्टरकार्ड जितक्या सहज मिळतात तितकी ही नावं मिळत नाहीत. रुपे असावं, पण एकटं नसावं.

आणि कधीकधी दोष आपलाही नसतो, बँकेचाही नसतो. जर्मनीत बेकरीत कार्डाचं मशीन समोर ठेवलेलं असतं, पण ते फक्त त्यांच्या देशी ‘गिरोकार्ड’साठी असतं. व्हिसा दाखवलं की बाई मान हलवते. तिथे खिशात वीस-तीस युरो रोख हवेतच. स्वीडनमध्ये बरोबर उलटं, नोट दाखवली तर माणसं जुनं पत्र पाहावं तशी बघतात. लंडनच्या लाल बसमध्ये 2014 पासून रोख घेतच नाहीत. तिथे टॅप करा, आणि भुयारी रेल्वेत ज्या कार्डाने आत गेलात त्याच कार्डाने बाहेर पडा. आत एक, बाहेर दुसरं असं केलंत तर दोन्ही कार्डांवर जास्तीत जास्त भाडं लागतं.

अमेरिकेत मुलांकडे गेलेल्या आई-वडिलांची ठरलेली तक्रार पेट्रोल पंपाची. पंप झिप कोड मागतो, तो पाच आकडी असतो, आणि आपला पिन कोड सहा आकडी. काहीही टाकलं तरी नाकारतो. सरळ आत जाऊन काउंटरवरच्या माणसाला पंपाचा नंबर आणि रक्कम सांगा, तो तिथल्या मशीनवर कार्ड घेतो.

ओटीपी येत नाही, कारण सिम सांगलीला आहे

मामांकडे परत येऊ. 57 वर उपाय काय, तर अॅप उघडा आणि स्विच सुरू करा. पण अॅप उघडेना.

“मामा, आपलं सिम फोनमध्ये आहे ना?”

“ते? ते काढून ठेवलंय घरी. रोमिंगचे पैसे पडतील म्हणून. इथं थायलंडचं घेतलंय की, स्वस्तात मिळालं.”

बँकांची बहुतेक अॅप सुरू होताना नोंदवलेलं सिम त्याच फोनमध्ये आहे का ते तपासतात. सिम नाही, तर अॅप नाही. यूपीआयचंही तेच. शेवटी सांगलीत मामेभावाने कपाटातलं सिम जुन्या फोनमध्ये घातलं, मामांनी हॉटेलच्या लॅपटॉपवर नेट बँकिंग उघडलं, आणि ओटीपी सांगली-पुणे-बँकॉक असा फिरत फिरत पोचेपर्यंत दोनदा बाद झाला. तिसऱ्यांदा जमलं. (हॉटेलच्या लॅपटॉपवर नेट बँकिंग उघडू नये हे मलाही माहीत आहे. दुसऱ्या दिवशी पासवर्ड बदलून घेतला.)

तर, भारतातलं सिम फोनमध्येच ठेवा. आता बहुतेक फोनमध्ये दोन सिम बसतात किंवा एक ई-सिम बसतं. तिकडचं डेटा सिम दुसऱ्या जागेत घाला. आपल्या सिमवर निघण्याआधी कंपनीकडून आंतरराष्ट्रीय रोमिंग सुरू करून घ्या, पण फोनच्या सेटिंगमध्ये त्या सिमचा डेटा रोमिंग बंद ठेवा आणि त्यावर आलेला कॉल उचलू नका. एसेमेस येत राहतात. निघायच्या आदल्या दिवशी कंपनीला विचारून घ्या की रोमिंगमध्ये येणाऱ्या एसेमेसला पैसे पडतात का. खर्चाची भीती असते ती डेटाची आणि कॉलची.

दोन गोष्टी मात्र परदेशात अजिबात करू नका. बँकेचं किंवा यूपीआयचं अॅप काढून पुन्हा टाकू नका, कारण नव्याने नोंदणी करताना त्याला आपल्या सिमवरून एसेमेस पाठवावा लागतो आणि रोमिंगमध्ये तो अडकतो. आणि नवा फोन घेतला तर आपण घरी परत येईपर्यंत जुना पुसू नका. माझ्या एका मैत्रिणीने दुबईत स्वस्त मिळाला म्हणून फोन घेतला, त्याच रात्री जुना भाच्याला देऊन टाकला, आणि उरलेले पाच दिवस नवऱ्याकडे पैसे मागत फिरली. तिला जेवढा त्रास फोनचा झाला नसेल तेवढा त्याचा झाला.

75 आल्यावर

पिनच्या संधी संपल्या की बहुतेक बँका कार्ड कायमचं मारत नाहीत, ठरावीक वेळ गोठवतात. कुठे 24 तास, कुठे मध्यरात्रीपर्यंत. मामांच्या बँकेत मध्यरात्रीपर्यंत. पण मध्यरात्र कुठली? इथली. भारतात बारा वाजले की बँकॉकमध्ये दीड वाजलेले असतात. रोजची मर्यादाही अशीच इथल्या घड्याळावर चालते, त्यामुळे अमेरिकेत दुपारी ‘आजची मर्यादा संपली’ असं दिसलं तर घाबरू नका. तिथली दुपार म्हणजे इथली मध्यरात्र. जरा थांबलात की नवा दिवस सुरू.

मामा-मामी झोपले आणि सकाळी पैसे काढले. तोवर मामींच्या पर्समधल्या हजार बाटवर नाश्ता झाला. हे हजार बाट मामींनी पुण्यातल्या मनी चेंजरकडून मामांना न सांगता घेतले होते.

पिन बदलला असेल किंवा कार्ड नवं असेल तर निघण्याआधी इथल्याच एटीएमला एकदा शंभर रुपये काढून बघा. परदेशी मशीनने सहा आकडी पिन मागितला तर आपला चार आकडी टाकून हिरवं बटण दाबा. ‘सेव्हिंग्ज, चेकिंग, क्रेडिट’ यांतलं काय निवडायचं हा नेहमीचा प्रश्न: बँकेच्या डेबिट कार्डाला ‘सेव्हिंग्ज’, नाही चाललं तर ‘चेकिंग’; फॉरेक्स कार्डाला (म्हणजे परकीय चलन आधीच भरून घेतलेल्या कार्डाला) ‘क्रेडिट’, नाही तर ‘चेकिंग’. चुकीचं खातं निवडल्याने पिनची संधी जात नाही, त्यामुळे हा प्रयोग करायला हरकत नाही.

‘डिक्लाइन’ हे बटण दाबायला शिका

सकाळी मामांचा पुन्हा फोन. “आता दिसतंय सगळं. पण मशीन म्हणतंय, ॲक्सेप्ट करू की डिक्लाइन? डिक्लाइन दाबलं तर पुन्हा थुंकंल.”

इथे सगळ्यात जास्त पैसे जातात, म्हणून जरा थांबून सांगते. परदेशी एटीएम किंवा दुकानातलं मशीन आपलं कार्ड भारतीय आहे हे ओळखतं आणि विचारतं: रकमेचे रुपये मीच करून देऊ का? पडद्यावर रुपयांतला आकडा दिसतो, ओळखीचा वाटतो, आपण हो म्हणतो. ते रुपये करताना त्यांनी दर स्वतःच्या सोयीचा लावलेला असतो. ‘डिक्लाइन कन्व्हर्जन’ किंवा ‘कंटिन्यू विदाउट कन्व्हर्जन’ दाबलं तर व्यवहार रद्द होत नाही. फक्त दराची बोलणी नाकारली जाते. पैसे तेवढेच मिळतात आणि दर व्हिसा-मास्टरकार्डचा लागतो.

हिशेब सोपा जावा म्हणून युरो 100 रुपयांचा धरू. 100 युरोचं जेवण. युरोत बिल दिलंत तर मूळ 10,000 रुपये, त्यावर बऱ्याच भारतीय कार्डांचं परकीय चलन शुल्क 3.5 टक्के म्हणजे 350, आणि त्या 350 वर 18 टक्के जीएसटी म्हणजे 63. एकूण 10,413. आता रुपयांत दिलंत आणि मशीनने दर 6 टक्क्यांनी फुगवला असं धरलं तर 10,600. वर काही भारतीय बँका ‘परदेशात रुपयांत व्यवहार केला’ म्हणून 1 टक्का किंवा जास्त शुल्क आणि जीएसटी लावतात, तेव्हा साधारण 10,725. तेच जेवण, तोच वेटर.

हॉटेलात वेटर कधीकधी स्वतःच रुपये निवडून मशीन पुढे करतो. टॅप करण्याआधी पडद्यावर चलन बघा. पावतीवर रुपये छापून आलेच, तर सही करू नका, तिथल्या तिथे व्यवहार रद्द करून पुन्हा करायला सांगा. नंतर बँक त्यात फारसं काही करू शकत नाही, कारण कागदोपत्री आपण संमती दिलेली असते.

थायलंडच्या एटीएमचं आणखी एक: परदेशी कार्डावर दर खेपेला 220 बाट किंवा त्याहून जास्त शुल्क घेतात, हजार काढा की वीस हजार. मशीन ते आधी सांगतं आणि विचारतं. इथलं ‘ॲक्सेप्ट’ मात्र दाबावं लागतं, नाहीतर पैसे मिळत नाहीत. म्हणून थोडेथोडे काढू नका. मामांनी दोन्ही पडद्यांतला फरक मला तीनदा विचारून घेतला, आणि मग मामींना असा समजावला की जणू शोध त्यांनीच लावला.

फॉरेक्स कार्डात पैसे आहेत, तरी 51

हे माझं स्वतःचं. लुसर्न स्टेशन, तिकिटाचं मशीन, मागे रांग, गाडीला सहा मिनिटं. फॉरेक्स कार्डात चांगले तीनशे युरो आणि थोडे डॉलर. मशीन म्हणे शिल्लक नाही.

शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा) म्हणजे सगळीकडे युरो, हा आपला गोड गैरसमज. स्वित्झर्लंडचा फ्रँक, चेक कोरुना, हंगेरीचा फोरिंट, पोलंडचा झ्लॉटी, डेन्मार्क, स्वीडन आणि नॉर्वेचे तीन वेगळे क्रोन: सगळे शेंगेनमध्ये आणि कोणाचाच युरो नाही. अनेक चलनांच्या कार्डात प्रत्येक चलनाचा खण वेगळा असतो. काही कार्डं फ्रँकचा खण रिकामा दिसला की युरोच्या खणातून घेतात आणि मधे 3 ते 3.5 टक्क्यांच्या आसपास अदलाबदलीचं शुल्क कापतात. काही कार्डं घेतच नाहीत, आपल्यालाच अॅपमधून पैसे एका खणातून दुसऱ्यात टाकावे लागतात. माझं दुसऱ्या जातीचं होतं. गाडी गेली, पुढची तासाभराने होती आणि सासूबाईंना तळ्यातली बदकं आवडली, त्यामुळे फार ऐकून घ्यावं लागलं नाही.

शिल्लक असून 51 यायचं दुसरं कारण म्हणजे राखून ठेवलेली रक्कम. हॉटेलात शिरताना अनामत म्हणून, भाड्याच्या गाडीवर, युरोपातल्या बिनमाणसाच्या पेट्रोल पंपावर आधी मोठी रक्कम अडकवतात आणि मग खरी तेवढी घेतात. क्रेडिट कार्डावर ती मर्यादेतून जाते, कळतही नाही. फॉरेक्स किंवा डेबिट कार्डावर आपले खरे पैसे अडकतात आणि सुटायला काही दिवस, कधी दोन-तीन आठवडे लागतात. म्हणून अनामतीला क्रेडिट कार्ड, खर्चाला फॉरेक्स कार्ड. भाड्याच्या गाडीला तर चालकाच्याच नावाचं क्रेडिट कार्ड मागतात, त्यात घासाघीस चालत नाही.

फॉरेक्स कार्ड भारतात, नेपाळमध्ये आणि भूतानमध्ये चालत नाही. काठमांडूच्या सहलीसाठी ते भरून घेणारे भेटलेत मला.

खात्यातून गेले, मशीनमधून आले नाहीत

घाबरून लगेच शेजारच्या मशीनला पळू नका, निदान दहा मिनिटं थांबा. पुष्कळदा उलटा व्यवहार आपोआप होतो. चिठ्ठी जपा, नसेल तर मशीनचा फोटो काढा, त्यावर बँकेचं नाव आणि मशीनचा क्रमांक असतो. तिथली वेळ, रक्कम लिहून ठेवा आणि त्याच दिवशी आपल्या बँकेकडे अॅपमधून तक्रार टाका. ज्या परदेशी बँकेचं मशीन आहे तिच्या शाखेत जाऊन उपयोग होत नाही, ते तुम्हाला आपल्याच बँकेकडे पाठवतात, आणि बरोबर करतात.

इथे एक भ्रम दूर करते. भारतात एटीएममधून पैसे न आल्यास बँकेने पाच दिवसांत परत करायचे, नाहीतर दिवसाला 100 रुपये भरपाई, हा 2019 चा नियम बऱ्याच जणांना पाठ आहे. तो देशांतर्गत व्यवहारांपुरता आहे. परदेशी एटीएमच्या तक्रारीला कार्डांच्या जाळ्यांचे नियम लागतात आणि दीड-दोन महिने सहज जातात. पैसे येतात, पण पाठपुरावा ठेवावा लागतो. बँकेने 30 दिवसांत उत्तर दिलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते.

कार्ड हरवलं किंवा आपण न केलेला खर्च दिसला, तर क्रम उलटा: आधी अॅपमधून कार्ड बंद, मग विचार. आपली किंवा बँकेची चूक नसताना, तिसऱ्याच ठिकाणाहून माहिती फुटून झालेली फसवणूक तीन कामकाजाच्या दिवसांत कळवली तर ग्राहकावर भार नाही, असं रिझर्व्ह बँकेचं 2017 चं परिपत्रक सांगतं. सात दिवसांपर्यंत भार मर्यादित असतो, त्यापुढे बँकेच्या धोरणावर. कार्डामागे छापलेला 1800 चा नंबर परदेशातून लागत नाही. बँकेच्या संकेतस्थळावर +91 ने सुरू होणारा दुसरा नंबर असतो, तो कागदावर लिहून पासपोर्टच्या पाकिटात ठेवा. फोनमध्ये नको, कारण पाकीट आणि फोन एकाच वेळी मारले जातात. दोन कार्डं वेगळ्या जाळ्यांची आणि वेगळ्या माणसांच्या पर्समध्ये.

कार्ड राहिलं बाजूला, नोटाच घेत नाहीत

आत्याने 2014 मध्ये दिलेले पाउंड कपाटात आहेत, ते घेऊन जाऊ का? कागदी असतील तर नको. इंग्लंडमध्ये आता सगळ्या नोटा प्लास्टिकच्या आहेत. शेवटच्या कागदी 20 आणि 50 पाउंडांच्या नोटा 30 सप्टेंबर 2022 नंतर दुकानात चालत नाहीत. बँक ऑफ इंग्लंड त्या बदलून देते, पण त्यासाठी सहलीचा अर्धा दिवस घालवायचा का ते तुम्ही ठरवा. स्वित्झर्लंडच्या जुन्या मालिकेच्या नोटाही एप्रिल 2021 अखेर चलनातून गेल्या. तिथली राष्ट्रीय बँक त्या कायम बदलून देते.

डॉलरच्या जुन्या नोटा कायद्याने बाद नाहीत, पण कंबोडिया, इंडोनेशिया, टांझानिया इथले लोक त्या घेत नाहीत किंवा कमी दर देतात. घडीवर फाटलेली, पेनाचा ठिपका किंवा शिक्का असलेली नोट तर नाहीच. मनी चेंजरकडे बसून एकेक नोट बघून घ्या. शंभराची नोट निळ्या पट्टीची, म्हणजे ऑक्टोबर 2013 पासूनच्या नमुन्याची मागा. तो कुरकुर करेल, करू दे. छोट्या किमतीच्या नोटांना बालीत दर कमी मिळतो, पण विमानतळावरून टॅक्सी करायला त्याच लागतात, तेव्हा दोन्ही ठेवा. व्हिएतनाममध्ये 20,000 आणि 5,00,000 डाँगच्या दोन्ही नोटा निळसर आहेत. संध्याकाळच्या उजेडात टॅक्सीवाल्याला देताना शून्यं मोजा.

नोटा किती नेता येतात? बहुतेक देशांसाठी एका प्रवासाला 3,000 डॉलरइतक्या, बाकीचं कार्डावर. मनी चेंजरला 50,000 रुपये किंवा जास्त द्यायचे असतील तर रोख नाही चालत. जाताना आणि येताना आपले रुपये 25,000 पर्यंत जवळ ठेवता येतात, नेपाळ-भूतानला नियम वेगळे. रात्री दोन वाजता मुंबईला उतरून टॅक्सीसाठी हे रुपये लागतातच, ते विमानाच्या पोटात जाणाऱ्या बॅगेत टाकू नका.

परत आल्यावर उरलेल्या नोटा 2,000 डॉलरपर्यंत घरी ठेवता येतात, त्यावरच्या 180 दिवसांत परत करायच्या. फॉरेक्स कार्डातले उरलेले पैसे लगेच पुढची सहल नसेल तर काढून घ्या, काही कार्डांवर वापर नसल्याचं शुल्क लागतं. नाणी मनी चेंजर घेत नाही. मामांनी उरलेल्या नाण्यांची विमानतळावर मामींना कॉफी पाजली आणि सात बाट कमी पडले म्हणून ते कार्डावर दिले. मशीनने विचारलं, रुपये की बाट. मामांनी न विचारता बाट दाबलं.